चावी कपाटात, अण्णा टेम्पोत

अण्णा काटकसरीनं गेले.

सर्टिफिकेटवर हृदयविकार लिहिलंय. ते डॉक्टरांचं काम, त्यांनी केलं. मी माझं करतो.

मल्लिनाथअण्णांचं कापडाचं दुकान मुरुमजवळच्या माझ्या गावात, स्टँडसमोर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेजारच्या गावात काही वेगळं आहे, असं कुणाला वाटायला नको.

मी राहतो उमरग्याला. बातमीसाठी गावाकडं आलो की अण्णांच्या गादीवर टेकायचो. चहा यायचा आणि भांडण सुरू व्हायचं. विषय ठरलेला. तिजोरीत पैसा नसेल तर सरकारनं हात आखडावा की सोडावा?

अण्णा कट्टर आखडणाऱ्यांतले.

"आरं, धंदा बसला की म्या काय करतो? खर्च तोडतो. सरकारला काय शिंगं हायत व्हय?"

"तुम्ही खर्च तोडला तर दुकान वाचतं, अण्णा. सरकारनं तोडला तर तुमचं गिऱ्हाईक मरतं."

"गिऱ्हाईक मरत न्हाय. घासाघीस करायला बरोबर जिवंत असतंय."

आणि स्वतःच हसायचे, पोट हलेपर्यंत.

मागच्या दुष्काळात बाजार ओस पडला, तेव्हा याच अण्णांनी शेतातली विहीर खोल करायला काढली. आमच्याकडं ती रीतच आहे. पाणी तळाला गेलेलं, माणसांच्या हाताला काम नाही, तेव्हाच विहिरीत उतरायचं. भरल्या विहिरीत कोण खोदणार?

मजुरी घेऊन माणसं बाजारात गेली. त्यातली काही अण्णांच्याच दुकानात आली.

मी लगेच पकडलं. "बघा! वाईट काळात खर्च केलात. सरकारनं तेच करावं म्हणतोय मी."

"म्या विहिरीच्या काठावर बसून हुतो. सरकार बसतंय का? सरकारच्या विहिरीला पाणी लागत न्हाय, गुत्तेदार लागतोय."

गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, आणि हा मुद्दा मला मान्य करावा लागला. आजही मान्य आहे.

गेल्या वर्षी आमच्या सरकारी दवाखान्यातल्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नवं झालं नाही. वरून आदेश, खर्चात कपात करा. मी बातमी केली. आतल्या पानावर, कोपऱ्यात आली.

अण्णांनी पेपर माझ्यापुढं टाकला. "बरं झालं की. दिवसभर लिंबाखाली झोपायचा त्यो."

"ड्रायव्हर झोपलाय म्हणजे गावात कुणाचा जीव टांगणीला नाही, अण्णा."

"पत्रकार, तुझ्या बोलण्यावर टॅक्स लावाय पायजे. सरकारची सगळी अडचण मिटंल."

परवा सकाळी दुकानाचं शटर वर करताना अण्णांच्या छातीत कळ आली.

समोरच्या पानटपरीवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. मागोमाग त्यांच्या पत्नी शांताक्का पोचल्या. डॉक्टर मॅडम हजर होत्या. त्यांनी ईसीजी काढला, गोळी दिली आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता उमरग्याला हलवा. ऑक्सिजन लावूनच न्या."

ऑक्सिजन ॲम्ब्युलन्समध्ये होता.

ॲम्ब्युलन्स अंगणात उभी होती.

फोन करून बोलवायची जी दुसरी गाडी असते, ती भलतीकडंच पेशंट घेऊन गेलेली.

आणि चालवणारे? अंगणभर होते. आमचा भाग हायवेचा, घरटी कुणी ना कुणी ट्रकवर. हैदराबादचं भाडं टाकून नुकताच परतलेला एकजण पुढं झाला. "साहेब, चावी द्या. मी नेतो."

क्लार्क कपाटाला पाठ लावून उभा. "गाडीचा विमा संपलाय. नेमलेला ड्रायव्हर नाही. वाटेत काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"आन् हितं काय झालं तर?" अक्का म्हणाल्या.

त्या क्लार्कला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्याची भीती खोटी नव्हती. विम्याचे पैसेच वरून आले नव्हते. ज्यांनी ते वाचवले, त्यांच्यापैकी कुणी त्या अंगणात नव्हतं.

शेवटी भाजीच्या टेम्पोत गादी टाकून अण्णांना नेलं. ऑक्सिजनविना.

उमरगा यायच्या आधी ते गेले.

मॅडम मला म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स मिळाली असती तरी वाचले असते, असं खात्रीनं सांगता येत नाही."

मान्य. पण निदान झगडायची संधी तरी? तीसुद्धा कपातीत गेली?

मी आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याला फोन लावला, ड्रायव्हरचं विचारलं. उत्तर तयार होतं. "ते पद व्यपगत झालंय."

म्हणजे पद संपलं. माणूस संपला, त्याबद्दल एक शब्द नाही.

त्याच दवाखान्याच्या दारात सध्या नवी कमान उभी राहतेय. तिला निधी आहे.

तिजोरीत पैसा नाही, हे खरं असेलही. मग कमान थांबवा. लेकराचं दूध तोडून दाराला तोरण लावणाऱ्या घराला आपण काटकसरी म्हणतो का?

अण्णांच्या दुकानाचं शटर आज खाली आहे. तिथं कामाला असलेल्या दोघी घरी बसल्यात. त्या आता बाजारात काय घेणार? ही कुणाची बचत झाली, मला कुणी समजावून सांगेल का?

अण्णा असते तर म्हणाले असते, कमान बांधणारा गुत्तेदार कोण ते बघ आधी. बघतोय, अण्णा.

काल शेतात त्यांना समाधी दिली. लिंगायत रीतीनं, बसवून, कपाळभर विभूती. माणसं पांगल्यावर मी अक्कांना विचारलं, "लिहू का?"

"लिही की. पर ते चुकले हुते, असं लिहू नगंस. त्यास्नी हरायला आवडायचं न्हाय."

"मग काय लिहू?"

अक्कांनी समाधीवरची ओली माती हातानं सारखी केली.

"गाडी हुती म्हणावं. चालवणारी बी हुती. चावी द्यायचं कुणाच्या हातात न्हवतं, असं ज्यानं करून ठिवलं, त्याला इचार."

विचारतोय, अक्का. उत्तर येईपर्यंत विचारत राहणार.

अण्णा, तुमच्याच रीतीचा नमस्कार: शरणु शरणार्थी.