न्हाणीघरातली शिंगं

"बंबघरातूनच तसं येतंय. कितीदा सांगू?"

"बंबघरातून येतं, तर शेजारच्या जिन्यावरच्या घरांत का येत नाही? त्यांच्यासाठी वेगळं बंबघर बांधलंय का?"

"नाही येत म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"झोयानं. परवा तिकडे मैत्रिणीकडे जाऊन न्हाली ती. टबाचा तळ दिसत होता म्हणाली."

"झोयाला भांडायला रोज एक विषय लागतो. काल कुत्रा होता, आज पाणी."

"बरं. आणि हे? हेही झोयानंच केलं?"

उल्काननं हातातला लोकरीचा ओला नमदा नवऱ्याच्या चहाच्या वाडग्यावर धरला. दोन थेंब वाडग्यात पडले. नमद्याचा मधला भाग पांढरा होता, पण कडा, जिथं गरम पाणी शिंपडून ती लोकर दाबत, लाटत होती, त्या सगळ्या पिवळट तांबूस झाल्या होत्या. शारशेननं वाडगा बाजूला सरकवला.

"धुतलं की जाईल."

"गंजाचा डाग धुतल्यानं जातो, हे वेल्डर माणसानं मला सांगावं?"

शारशेननं रेडिओचा आवाज वाढवला. बातम्या चालू होत्या, आणि त्या त्याला ऐकायच्या नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी व्याही येणार होते. लेकीचं, जिपारचं लग्न तालासच्या एका घरात ठरलं होतं, आणि मुलीच्या आईनं आपल्या हातचा नमद्याचा पांढरा कल्पाक व्याह्याच्या डोक्यावर ठेवायचा असतो. बाजारातली टोपी चालत नाही असं नाही. चालते, पण मग पाहुण्या बायका जेवताना फार गोड बोलतात आणि परतीच्या गाडीत बसल्या की खरं बोलतात. उल्कान पडली कोचकोर गावची. तिच्या माहेरच्या बायकांच्या हातचा नमदा लोक उन्हात धरून बघतात, कुठं विरळ आहे का म्हणून. पिवळ्या कडांचा कल्पाक एखाद्याला घालायचा म्हणजे त्याला तोंडावर सांगायचं, तुमच्यासाठी एवढंच जमलं.

"थंड पाणी तापवून घे तोवर," रेडिओच्या वरून शारशेन म्हणाला.

"घेतेच आहे. दोन किटल्या, तीन पातेली. गावी असताना हेच करत होते. मग तुमच्याबरोबर शहरात आले कशाला?"

हे ती चेष्टेत म्हणाली, पण त्यात थोडं खरंही होतं. लग्न होऊन या इमारतीत आली तेव्हा शहरातलं तिला काहीच आवडलं नव्हतं. जिना आवडला नाही, शेजाऱ्यांच्या कोबीचा वास आवडला नाही, खिडकीतून दिसणारी दुसरी खिडकी तर मुळीच नाही. आवडली ती एकच गोष्ट. नळ फिरवला की कढत पाणी. माहेरी नमदा करायचा म्हणजे शेणी पेटवा, काळी किटली ठेवा, धुरात डोळे चोळत बसा. इथं तिनं टबावर फळी टाकली, फळीवर बोरूची चटई, चटईवर पिंजलेली लोकर, आणि कोपरापर्यंत बाह्या सारून कामाला लागली. गेली कित्येक वर्षं तिचं दुकान, कारखाना, सगळं त्या न्हाणीघरात होतं. जिपार लहान असताना शाळेत कुणी विचारलं, आई कुठं काम करते, तर म्हणायची, न्हाणीघरात.

आता त्याच नळानं दगा दिला होता, आणि उल्कानला एका जागी बसवेना. ती नळ सोडायची, काचेच्या पेल्यात पाणी धरायची, खिडकीशी नेऊन बघायची, ओतून द्यायची. परत धरायची. भाजी चिरता चिरता उठून जायची. थंड पाणी स्वच्छ. गरम पाणी सकाळी काळ्या चहासारखं, बराच वेळ वाहू दिलं की लिंबाच्या सरबतासारखं, आणि तिथंच अडून बसलेलं. दर उन्हाळ्यात साऱ्या वस्तीला गरम पाणी पुरवणारं बंबघर महिनाभर बंद ठेवतात, नळ्या तपासतात, मग पाणी सुरू झालं की दोन दिवस पिवळं येतं. ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. पण यंदा पाणी सुरू होऊन झाडांची पानं गळायला लागली तरी रंग जाईना.

दुपारी वरच्या मजल्यावरची झोया आली. उभा जन्म पाळणाघरात मुलांना लापशी करून घातलेली बाई, आवाज अजून दीडशे मुलांना पुरेल एवढा. आल्या आल्या डोक्याचा रुमाल काढून तिनं उल्कानपुढे मान वाकवली.

"बघ. पांढरे केस होते ना माझे?"

"होते."

"आता काय आहे?"

उल्काननं नीट बघितलं. "गाजर."

"गाजर. बसमधली कंडक्टर पोरगी मला म्हणाली, आजी, रंग छान लावलाय, कुठला आहे? मी म्हटलं, नळाचा आहे बाई, फुकट मिळतो." शारशेन बाहेरच्या खोलीत बसला होता. तिकडे तोंड करून झोयानं आवाज चढवला. "सगळा दोष त्या बंबघराचा. सडल्यात त्यांच्या नळ्या. काय शाके, बरोबर ना?"

"बरोबर," आतून आवाज आला. सगळी इमारत त्याला मानानं शाके म्हणायची.

झोयानं स्वयंपाकघराचं दार पायानं लोटलं आणि एकदम कुजबुजायला लागली. "शेजारच्या जिन्यात मेदेत म्हणून प्लंबर येतो. तरुण आहे, पण दारू पीत नाही. शुक्रवारी आणू का? नुसतं बघून जाईल."

"आण की. कुजबुजतेस कशाला?"

झोयानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "काही नाही. घसा बसलाय."

ती गेल्यावर उल्कानच्या डोक्यात कुसळ राहून गेलं. झोयाचा घसा कधी बसल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं उठून गरम नळाच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि पाणी सोडलं. थोड्या वेळानं फडकं सोडून बघते, तर त्यात तांबडी पूड आणि मधे मधे काळे कण, खसखशीएवढे. टाचण्या सांडल्या की गोळा करायला तिच्याकडे एक लोहचुंबक होता. तो तिनं जवळ नेला. काळे कण टुणकन उडून त्याला चिकटले.

म्हणजे लोखंड. आणि लोखंड आलं कुठून? दोन वर्षांपूर्वी जिन्यातल्या सगळ्यांनी मिळून तळघरापासून वरपर्यंत गरम पाण्याचा उभा पाइप बदलला होता. प्लास्टिकचा बसवला. शेजारच्यांनीही बसवला. प्लास्टिक गंजत नाही. मग या भिंतीत लोखंडाचं उरलं काय?

तिनं मान वर केली. समोर टॉवेल वाळत घालायची लोखंडी नळी होती, उभ्या पाइपातलं गरम पाणी जिच्यातून फिरून पुढे जायचं ती. ती टबाच्या काठावर बसली.

ती नळी शारशेननं केली होती. कारखाना बंद पडला त्या वर्षी. पगाराऐवजी कुणाला साखर मिळाली, कुणाला सायकली, याला पाइप मिळाले. हिवाळा आला. घराघरातल्या जुन्या टॉवेलच्या नळ्या फुटून गळायला लागल्या, आणि नवीन आणायची ऐपत कुणाचीच नव्हती. शारशेननं अंगणात शेगडी मांडली, पाइप तापवून वाकवले, जोडले, आणि या उभ्या पाइपावरच्या पाचही घरांत बसवून दिले. जॅमची बरणी, बटाट्याची पिशवी, जे कुणी देईल ते घेतलं. पण साधा वळसा त्याला पुरेना. उल्कानच्या नमद्यावर काठाला मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असायची. ती त्यानं कोळशानं जमिनीवर काढून घेतली आणि तसाच पाइप वळवला. दोन्हीकडे शिंगं, टोकं खाली जाऊन आत वळलेली. लोक नुसतं बघायला यायचे. हातातली नोकरी गेलेला माणूस त्या हिवाळ्यात मान वर करून जिना चढायचा. शाके तो तेव्हा झाला, आधी नुसता शारशेन होता. आणि दोन वर्षांपूर्वी पाइप बदलताना सगळ्यांनी त्यालाच विचारलं होतं, या नळ्याही बदलायच्या का? तर तो म्हणाला होता, माझ्या शिंगांना हात लावायचा नाही. कुणी लावला नाही.

उल्काननं फडकं धुवून पिळलं. संध्याकाळी त्याच्यापुढे जेवण वाढलं. "मेदेत म्हणून एक प्लंबर येतोय शुक्रवारी."

"कशाला? बंबघर दुरुस्त करायला?"

"बघून जाईल नुसतं."

"बघू दे. बघायला पैसे पडत नाहीत." पण पोळी त्यानं अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. शेजारी पलंग रिकामा. तिला वाटलं, आपणच नळ उघडा ठेवला की काय. अनवाणी गेली. न्हाणीघराचं दार किलकिलं होतं. शारशेन आत उभा होता, अंगात बनियन, खांद्यावर तिचीच शाल. दिवा लावला नव्हता. मोरीच्या खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात तो नळाखाली हात धरून उभा होता. टबात काळपट पाणी पडत होतं आणि भोवऱ्यासारखं फिरत खाली जात होतं. तो मधेच ओंजळीत घेऊन बघायचा. टाकून द्यायचा. परत धरायचा. अगदी ती दिवसभर करायची तसंच.

ती परत येऊन अंथरुणात पडली. त्याच्या येण्याची वाट बघत डोळे मिटून घेतले. किती सकाळी तो असा उठत असेल? ती जागी होऊन नळ सोडायची तेव्हा पाणी काळ्या चहासारखं येतं, एवढंच तिला माहीत होतं. त्याच्या आधीचं तो सोडून देत होता. तिच्या वाट्याला उरलेलं येत होतं.

म्हणजे त्याला माहीत होतं. आणि रोज जेवणाच्या टेबलावर तो बंबघराला शिव्या देत होता.

गुरुवारभर ती त्याच्याशी धड बोलली नाही, आणि न बोलताही राहिली नाही. मीठ द्या. दार लावा. किटली उतरवा. तापवलेल्या थंड पाण्यावर तिनं लोकरीचा नवा थर लाटायला घेतला. पाठ मोडली, पण नमदा पांढरा निघाला. एका टोपीपुरता. दुसरी, जावयाची, व्हायची होती, आणि हात थांबत नव्हते. मधेच ती शिंगांकडे बघायची आणि टॉवेल नीट पसरून ती झाकून टाकायची, जणू कुणी उघडं बसलंय.

शुक्रवारी मेदेत आला. झोया त्याला घेऊन आली आणि स्वतः पॅसेजमधे भिंतीला टेकून उभी राहिली. शारशेन खुर्चीवरून उठला नाही. मेदेतनं थंड नळ सोडला, गरम सोडला, टॉवेल बाजूला केला आणि हसलाच.

"हे काय आहे? कुठल्या गाढवानं बसवलं?"

मेदेत भिंतीशी बोलत राहिला, उल्कानला थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणत. "एजे, हे बघा. साधं काळं लोखंड, आतून कसलाही लेप नाही. गरम पाणी ते खातं. ते एक. दुसरं, हे वळण. टोकं खाली वळलीत ना, इथं गाळ बसतो. उन्हाळ्यात पाणी बंद झालं की सरळ नळीतून निघून जातं, इथलं निघत नाही. तिथंच पडून सडतं. परत सुरू झालं की ढवळून तुमच्या टबात. कुणाकुणाकडे आहेत अशा?"

"पाचही घरी," झोया जमिनीकडे बघत म्हणाली.

"मग पाचही काढायच्या. एकाच दिवशी. एक ठेवली तरी तिचा गंज बाकीच्यांकडे जाणार. धुऊन दे म्हणाल तर देतो, महिनाभर बरं वाटेल. पुढे परत हेच."

"मी केलंय ते," शारशेन म्हणाला. तो केव्हा दारात येऊन उभा राहिला, ते कुणाला कळलं नव्हतं.

मेदेतचे कान लाल झाले. त्यानं उगीच सांध्यावरून बोट फिरवलं. "वेल्डिंग भारी आहे पण. इतक्या वर्षांत एक थेंब गळला नाही."

"गळेल कसा?"

"हो. तेच म्हणतो."

"शाके," झोया म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर बसलेला होता, "माझ्या नातवाचे लंगोट वाळलेत त्याच्यावर. दोन हिवाळे. मी काय विसरले होय? म्हणून तर कुणी काही म्हटलं नाही तुला."

उल्काननं तिच्याकडे पाहिलं. म्हणजे झोयालाही माहीत होतं. कदाचित चौथ्या मजल्यावर, खालीही. जिन्यात शारशेन दिसला की बंबघराला मोठमोठ्यानं शिव्या देणारी ही सगळी माणसं. आणि तोही त्यांना हो म्हणत होता.

"नक्षी माझी होती," उल्कान मेदेतला म्हणाली. "गाढव म्हणायचं तर दोघांना म्हण."

"एजे, मी तसं..."

"शिंग कापून भिंतीवर तसंच ठेवता येईल ना? पाणी बाजूनं न्यायचं. शोभेला राहील."

"येईल की. सोपं आहे." मेदेतनं शारशेनकडे पाहिलं. "हो म्हणा, म्हणजे तळघरात जाऊन पाणी बंद करतो. आज पाचही होतील."

शारशेननं हात पुढे करून शिंगाच्या वळणावर ठेवला. नळी तापलेली असते. तरी तो हात तिथंच ठेवून उभा राहिला.

"ऐकलंत ना?" उल्कान हळू म्हणाली. "रोज पहाटे उठून पाणी सोडता ते मी बघितलंय. थंडी पडायला लागली. किती दिवस सोडणार आहात?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हात काढून त्यानं पँटला पुसला. पॅसेजमधून कोट घेतला, एक बाही घातली, दुसरी तशीच लोंबत ठेवली, बुटांत पाय सरकवले. झोया भिंतीला आणखी चिकटली. तो तिच्या समोरून गेला, दार उघडलं, आणि ते न लावताच निघून गेला. थोड्या वेळानं मेदेतनं सोडलेल्या गरम नळाची धार बारीक होत होत थांबली.