लाल शब्द

"सर, तुमचा बोर्ड तं पोरायले बलावून राहिला!"

पातूरजवळच्या तलावाचे चौकीदार श्रावणभाऊ फोनवर होते. अकोल्याहून तसाच निघालो.

पाटी माझ्याच वर्कशॉपमधली. 'येथे पोहणे धोक्याचे.' शेवटचा शब्द मी मुद्दाम मोठा आणि लाल केला होता. तीन उन्हाळ्यांत तो पार उडाला. काळ्या अक्षरांत उरलं होतं, 'येथे पोहणे'. काठावर चपलांचे चार जोड होते.

ओरडून पोरांना बाहेर काढलं.

"बोर्डावरच तं लिवलं हाये, काका," त्यातला एक हसला.

मला हसू आलं नाही.

पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात इंजिनिअर साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत नवीन लावा. सुट्ट्या लागतात. फक्त धोका लालच ठेवा."

"साहेब, उन्हात लाल शाई सगळ्यात आधी जाते. काळ्या शाईत काजळी असते, ती टिकते."

"सगळ्या जगात धोका लाल असतो. सॅम्पल आहे का काही?"

सॅम्पल गच्चीवर होतं. वेगवेगळ्या पत्र्यांचे, रंगांचे तुकडे मी तिथे उन्हात बांधून ठेवतो. मागच्या बाजूला तारीख टाकायचं काम माझ्या पत्नीचं. दिवाळीनंतर ती गेली. तेव्हापासून मी वर गेलो नव्हतो.

त्या दिवशी घरात बसवेना आणि वर जाववेना. दोनदा अर्ध्या जिन्यातून परतलो. डोळ्यांसमोर त्या चपला येत होत्या. तिसऱ्यांदा गेलो.

तुकडे साहेबांच्या टेबलावर मांडले. लोखंडी पत्रा स्क्रूच्या भोकांपाशी गंजला होता. फ्लेक्स हात लावताच तडकला. अॅल्युमिनियम जसंच्या तसं. त्यावरचा लाल पट्टा पांढुरका, काळा पट्टा ठसठशीत.

साहेबांनी एक तुकडा उलटा केला. "तारखा कोणी टाकल्या? अक्षर छान आहे."

"घरच्यांनी."

त्यांना माहीत होतं. तुकडा सुलटा ठेवून म्हणाले, "पिवळ्यावर काळं करा. अॅल्युमिनियममध्ये."

शुक्रवारी पाटी लागली. श्रावणभाऊंनी मोठ्यानं वाचून पाहिली. "आता बराबर बोलते. पन पोरं आयकतीन तवा खरं." तरी सोमवारी ते काठी घेऊन पाटीखालीच बसले होते आणि पाण्यात कोणी नव्हतं.

जो शब्द गेल्यावर अर्थ उलटा होतो, तो सगळ्यात टिकाऊ रंगात लिहावा. मी हे तीन उन्हाळे उशिरा शिकलो.

नव्या पाटीचा एक तुकडा गच्चीवर बांधला. मागे तारीख मीच टाकली. अक्षर तिच्यासारखं नाही. पण त्या बाजूला ऊन येत नाही.