काट्याचा पाना

भाऊंनी आवळलेला नट परत सुटला तर देवाचीच कृपा म्हणायची. अख्खी हयात रस्ते फोडायच्या ड्रिलवर गेलेली, अंगात अजून तेवढाच जोर, आणि वर "सैल राहण्यापेक्षा घट्ट बरं" हे ब्रीद! रविवारी लेक आपली जुनी गाडी घेऊन आली की स्वारी खूश. ऑईल, प्लग, चाकं, सगळं स्वतः बघायचे. लग्न होऊन गेलेल्या पोरीसाठी बापाला करण्यासारखं तेवढंच उरलंय, असं त्यांच्या बायकोला वाटायचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पण मध्यंतरी लेकीची गाडी भर रस्त्यात पंक्चर झाली. चाकाचे नट काही केल्या हलेनात. बिचारी पान्यावर उभी राहिली, नाचली, शेवटी रडकुंडीला आली. घरी येऊन तिनं सरळ सांगून टाकलं, की यापुढे गाडी गॅरेजलाच देणार. भाऊ त्या दिवशी धड जेवलेही नाहीत.

मग नवरा-बायको हत्यारांच्या दुकानात गेली, टॉर्क रेंच घ्यायला. ठरवलेल्या जोराइतका नट आवळला गेला की हा पाना टक वाजतो, तिथं थांबायचं. महागड्यांकडे भाऊंनी ढुंकूनही पाहिलं नाही; घरच्या गाडीला काय सोन्याचा पाना लावायचाय? दुकानदारानं मधल्या भावातला एक काढला, टेबलावरच्या नटाला लावला आणि ओढायला सांगितलं. टक वाजलं. भाऊ ओढतच राहिले. पुन्हा लावला, पुन्हा टक, आणि भाऊंचं आपलं चालूच. वर म्हणाले, की हा मेला वाजतच नाही, मालच खोटा आहे.

बायकोला मात्र दोन्ही वेळा स्पष्ट ऐकू आलं होतं. टक होताना हाताला बसणारा हिसकासुद्धा यांना कळला नव्हता. त्या ड्रिलनं कान नेले, बोटं बधिर केली, आणि आपण इतके दिवस या माणसाला हट्टी म्हणत बसलो! स्वतःचाच राग आला तिला.

दुकानदार काही बोलणार, तोच तिनं त्याला अडवलं. "राहू द्या हो हा. काट्याचा दाखवा."

काट्याचा पाना जुन्या वळणाचा. वाजत-बिजत नाही, काटा हव्या त्या आकड्यावर आला की हात थांबवायचा. शिवाय निम्म्या भावात. भाऊंची कळी खुलली. आपण पहिल्यापासून हाच म्हणत होतो, असंही ठोकून दिलं. बायकोनं मान डोलावली.

घराच्या वाटेवर मात्र त्यांनी हळूच विचारलं, "तो पहिला वाजला होता का गं?"

"वाजला होता."

रविवारी लेक आली ती गॅरेजची वेळ ठरवूनच. भाऊंनी तिला एकच चाक बघ म्हटलं. काट्यावर सरळ वरून नजर लावून, समोरासमोरचे नट एकेक करत त्यांनी चाक बसवलं. काटा आकड्याला टेकला की हात थांबे. मग साधा पाना लेकीच्या हातात दिला. तिनं जोर लावला आणि नट सुटला.

"मला ऐकू कमी येतं, पोरी," भाऊ म्हणाले. "बोटांनाही कळत नाही. म्हणून आवळत सुटायचो."

लेकीनं तो नट हातानं परत फिरवला आणि काट्याचा पाना बापापुढे धरला.

"पुढच्या रविवारी ऑईल बदलायचंय, बाबा," ती नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्यानं म्हणाली.

"ओरडतेस काय," भाऊ म्हणाले, "ऐकू आलं."