केसरबाईंच्या घराखालचा बोगदा

गाडी सकाळी मदन महल स्थानकात थांबली, तेव्हा माझा मावसभाऊ विनायक फलाटावर उभा होता. त्याच्या वडिलांचं घराणं अमरावतीकडून इथं आलं आणि इथलंच झालं. मी कोल्हापूरची. शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले, आणि संगमरवरी खडकांतून वाहणारी नर्मदा एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून निघाले होते.

विनायकनं वाटेत खोव्याची जलेबी (माव्याची, जाड आणि काळपट) घेतली आणि घरी पोचताच ती माझ्यापुढं ठेवून मुद्द्यावर आला. त्याची मुलगी मृणाल भूगर्भ-अभियंता. नर्मदेचं पाणी डोंगराच्या पलीकडं नेणाऱ्या कालव्याच्या बोगद्यावर ती काम करते. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायची जागा तिच्यासाठी चालून आली होती.

"ते माहं ऐकून नाही राहिली," तो म्हणाला. "काहून त्या बिळात जाते, तू विचार तिले."

भेडाघाटला जायचा बेत मागं पडला. दुसऱ्या दिवशी मी मृणालच्या जीपमधून कटनीच्या रस्त्यानं निघाले. सिहोरा ओलांडल्यावर सपाट शेतं हळूहळू वर चढू लागली. हाच तो उंचवटा. नर्मदेचं पाणी इथवर येतं, पण हा ओलांडू शकत नाही. पलीकडं कोरडी शेतं.

बोगद्याच्या तोंडाशी मला शिरस्त्राण आणि गुडघ्यापर्यंतचे बूट मिळाले. बूट दोन मापं मोठे होते आणि छोट्या रुळगाडीत चढताना एक चिखलातच राहिला. मृणालनं तो उपसून दिला. आत हवा दमट आणि कोमट होती. दोन्ही बाजूंनी काँक्रीटची वक्र कडी एकापुढं एक बसवलेली, पायाखालून पंपांचे नळ. खडकातून पाणी सतत झिरपतं. पंप थांबले तर बोगदा भरायला लागेल, असं ती म्हणाली.

शेवटी बोगदा खोदणारं यंत्र आलं. तोंडाला भलीमोठी फिरती चकती आणि तिच्यावर खडक चिरणारी पोलादी चाकं. ते बंद होतं.

"आत्या, डोंगर इकसार नाही ना," मृणाल म्हणाली. तिला मराठी कळते सगळी, बोलताना मात्र हिंदी मिसळते. "एका बाजूला कडक संगमरवर, दुसऱ्या बाजूला ओली माती. चकती कठीण बाजूला अडकते आणि नरम बाजूनं माती आत वाहून येते."

मग मागं घेऊन दुसरीकडून का खोदत नाही, असं मी विचारलं. ती हसली. यंत्र स्वतःच्या मागं जी कडी बसवत जातं, ती त्याच्या तोंडापेक्षा अरुंद असतात. मागं फिरणं त्याला शक्यच नाही.

नागपूरचं तिथं काही बोलले नाही. ती जागा त्या बोलण्याची नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोगद्याच्या वरच्या गावात गेलो. यंत्र आता केसरबाई नावाच्या एकट्या म्हातारीच्या घराखालून जायचं होतं. त्यांनी काही दिवस शाळेत राहावं, हे सांगायला आधी आलेल्या माणसांना त्यांनी परत पाठवलं होतं. खेरमाईच्या (गावदेवीच्या) चौथऱ्याला लागून त्यांचं कौलारू घर, मागं गोठा, त्यात एक म्हैस.

त्यांनी आम्हाला गूळ-पाणी दिलं आणि मृणालला शांतपणे विचारलं, "बिटिया, खतरा नइयां, तो हमें काए हटा रईं? और खतरा है, तो मसीन काए चला रईं?" (धोका नाही तर मला का हलवतेस? आणि आहे, तर यंत्र का चालवतेस?)

मृणालनं पाण्याचा पेला खाली ठेवला. धोका नाही असं सांगून तिला मोकळं होता आलं असतं.

"अम्मा, मुझे पक्का नहीं मालूम," ती म्हणाली. "इसीलिए कह रही हूँ."

केसरबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. मग उठून म्हशीचं दावं सोडलं. संध्याकाळपर्यंत त्यांचं बिऱ्हाड शाळेच्या एका खोलीत लागलं, म्हैस बाहेर निंबाखाली.

चौथ्या दिवशी यंत्र सुरू झालं. मी केसरबाईंबरोबर शाळेच्या ओट्यावर होते. मृणाल घरापासून अंतर राखून, जमीन किती खचते ते मोजणाऱ्या उपकरणापाशी उभी. दुपारी ती एकाएकी वायरलेसवर बोलू लागली. खालून जेवढी माती निघायला हवी, त्याहून जास्त येत होती. पलीकडून तिचे वरिष्ठ सांगत होते, थांबू नका. अशा चिखलात थांबलं तर यंत्र कायमचं रुतेल. त्यांचंही खोटं नव्हतं. मृणालनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऊपर ज़मीन जा रही है, सर. बंद कीजिए. मेरी ज़िम्मेदारी."

खालून यंत्र थांबल्याचं कळलं आणि थोड्याच वेळात गोठा खाली बसला. मोठा आवाजही झाला नाही. भिंत वाकली, कौलं घसरली आणि जिथं म्हैस बांधलेली असे, तिथं खड्डा पडला. घर उभं राहिलं. केसरबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

दिवस मावळेपर्यंत त्या खड्ड्यात वाळू-सिमेंटचं मिश्रण ओतलं जात होतं. खाली माणसं यंत्राच्या तोंडापुढच्या मातीत सिमेंट दाबून भरत होती. मृणाल जेवली नाही. चहा मात्र केसरबाईंनी समोर उभं राहून प्यायला लावला, आणि गोठा पुन्हा बांधून द्यायचा हेही तिच्याकडून कबूल करून घेतलं. माती घट्ट झाल्यावर यंत्र पुन्हा चालवून पाहिलं. चकती प्रथम हललीच नाही. मग कण्हल्यासारखा आवाज करून फिरली, थांबली, परत फिरली. हळूहळू ते पुढं सरकू लागलं.

घरी आल्यावर विनायकनं विचारलं, समजावलं का. मी त्याला गोठ्याची सगळी हकिकत सांगितली आणि म्हटलं, "ती तिथं नसती तर घरही गेलं असतं. मी नाही तिला सांगणार." तो उठून गच्चीवर गेला. खाली आला तो मृणालच्या डब्याला उद्या कोणती भाजी करायची, हे विचारत.

भेडाघाटचा धुवांधार धबधबा पाहायचा राहिलाच. परतीच्या गाडीनं नर्मदा ओलांडली तेव्हा मी खिडकीशी होते. हिरवट, संथ पाणी. वर्गात नकाशावर मी दोन खोऱ्यांमधली रेघ खडूनं किती सहज ओढायची. त्या रेघेखालून पाणी न्यायचं म्हणजे काय, ते आता कळत होतं.

इटारसीच्या आधी मृणालचा निरोप आला. केसरबाई घरी परतल्या होत्या. यंत्र त्यांच्या घराखालून पार झालं होतं आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा थांबलं होतं. समोर पोकळी लागली होती.

"सिमेंट भरून राहिलो," तिनं लिहिलं होतं. "उद्या पुन्हा चालवू."