पत्र्याच्या खोलीतली फवारणी

न्हाई व्यंकट, बालाजी काय म्हणला ते मला सांगू नको. मेव्हणा हाय म्हणून ऐकून घेतो. "डासाला धूर करा, दवा कशाला शोधता?" म्हणं. अरे, डास चावून गेल्यावर काय करू, धूर पिऊ? निलंग्यात हॉटेलात बसून बोलायला त्याचं काय जातं. मी लातूरला कॉलेजात मॅडमच्या हाताखाली शिपाई हाय. चिकनगुनियाची दवा शोधून राहिलो आम्ही. तिथल्या गोष्टी अशा, की एक सांगावी तर दुसरी मागून ढकलती, यष्टीत चढल्यावानी. ऐक.

* * *

आमची खोली पत्र्याची, भूकंपानंतर सामान ठेवायला बांधलेली. मॅडम उदगीरच्या. बाटलीत पेशी वाढवतात. त्यात तापाचा विषाणू सोडायचा, तो पेशी मारतो. मग दवा टाकायची आन् बघायचं, पेशी जगल्या का.

मी म्हणलं, "मॅडम, ही तर फवारणीच की."

"फवारणीच," मॅडम म्हणल्या.

एकदा विषाणू पार साफ झाला. मी पळत जाऊन पेढे आणले. मॅडमनी दुर्बिणीतून, त्या मायक्रोस्कोपातून, डोकं वर काढलं. "पेशी पण मेल्या. कीड गेली, पीकही गेलं."

"म्हणजे आमच्या बालाजीची फवारणी झाली. किडीसंगं सोयाबीनबी जाळलं होतं त्यानं," मी म्हणलं. पेढे आम्ही खाल्लेच.

* * *

शेजारी बारावीचा क्लास. क्लासच्या सरांना आमची खोली पाहिजे, पोरं मावत न्हाईत. प्राचार्य मॅडमला म्हणले, "दिवाळीपर्यंत काहीतरी दाखवा, नाहीतर खोली क्लासला."

त्याच हप्त्यात भर दुपारी लाइट गेली. पेशींची पेटी लाइटवर चालती, ती बंद पडली की पेशी मेल्या. क्लासचा जनरेटर धडधडून राहिला. मी वायर नेली, त्यांच्या पंख्याची पिन उपसली आन् आमची खोचली.

सर बाहेर आले. "पोरं घामानं भिजली माझी!"

"तुमची भिजतात. आमच्या मरतात," मी म्हणलं.

लई शिव्या झाल्या दोघांच्या. वायर काढली न्हाई. पेशी जगल्या.

* * *

पाऊस सरता सरता क्लासच्या होस्टेलात तोच ताप शिरला. पोरं म्हाताऱ्यावानी भिंत धरून चालू लागली. एक दिवस सरच आले, कमरेत वाकून.

"मॅडम, एक गोळी द्या हो."

"सर, गोळी अजून नाही. तिच्यासाठीच तर खोली पाहिजे."

सर पायरीवर बसले, ते उठता येईना. हात मलाच द्यावा लागला. दिला. काय करता.

* * *

मॅडम गावोगावच्या पाल्याचा अर्क तपासतात. शिरूर अनंतपाळला आमचे किशनमामा. त्यांच्याकडं सांधे धरले की एका पाल्याचा काढा पितात. मामा घरून काढाच करून घेऊन आले. मॅडमनी थोडा बाटलीत टाकला, तर दोन दिवसांत बाटली बुरशीनं पांढरीफटक.

मी मामाला धरलं. "काय घातलं ह्यात?"

"काही न्हाई बा. कडू लई लागतो. गुळात उकळला."

मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. "मामा, पेशींना कडू लागत नाही."

"विचारलं का त्यांना?" मामा म्हणले.

मग कोरा पाला आणवला.

* * *

दिवाळीच्या तोंडावर प्राचार्य आले. क्लासचे सर आले. मामाला मीच बोलावलं. मॅडमनी दुर्बीण मांडली. डावीकडं नुसता विषाणू, रान उजाड. उजवीकडं विषाणू आन् मामाचा पाला, रान भरलेलं. पेशी जित्या!

प्राचार्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "खोली हलवायची नाही," इतकंच म्हणले. क्लासचे सर आधीच मान डोलवून राहिले होते.

मग मामाला बघू दिलं. मामा डोळा लावून उभे, हालेनात. मॅडमनी विचारलं, "दिसतंय का मामा?" मामानी हळूच टोपी काढली, बगलेत धरली आन् दुर्बिणीत बघत बघतच म्हणले, "राम राम."

कोणी हसलं न्हाई.

आता उंदरांवर बघायचंय, माणसांचं त्याच्या लई पुढं. पाला संपलाय. तुझी जीप बाहेर उभी हाय. चहा ठेव खाली आन् शिरूरला चल.