खिशातली पदकं

फौजेतून निवृत्त झालेले हवालदारमामा ग्रामसभेत बसण्याआधी छातीवरची पदकं काढून खिशात ठेवायचे. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात झेंडावंदन होई, तेव्हा ती त्यांच्या कोटावर चमकत असायची. मामांनी सलामीला उचललेला हात म्हातारपणातही कापत नसे. मग पोरांना चॉकलेटं वाटली जात, त्याच मैदानात कडुलिंबाखाली सतरंज्या पडत, आणि सभा सुरू व्हायच्या आत मामा एकेक पदक सोडवून रुमालात गुंडाळत. मला ते बघवत नसे. त्यातलं एक जरी माझ्याकडे असतं, तर मी ते झोपतानाही काढलं नसतं.

आमचं घर चळवळीतलं. इतरांच्या घरी पंचांग असे, आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच, आणि मोठी झाल्यावर स्वतः लिहू लागले. गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना आमचं लहानसं गाव लागतं. तिथं आरोग्य उपकेंद्राची इमारत झाली, फीत कापली गेली, फोटो निघाले, आणि त्याच संध्याकाळी लागलेलं कुलूप पुन्हा निघालं नाही. नर्स आलीच नाही. माझ्या वहिनीचं बाळंतपण गंगाखेडच्या वाटेवर जीपमध्ये झालं. बाळ नीट होतं. वहिनी मात्र कशीबशी वाचली.

दवाखाना का बंद, असं विचारणारं पत्रक मी लिहिलं. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भिंतीवर कोळशानं 'देशद्रोही' लिहिलेलं होतं. पुढच्या ग्रामसभेत मामा उठले आणि एवढंच म्हणाले, "दवाखाना कामून बंद हाय?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न माझा, टाळ्या त्यांना. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही.

एकदा मी त्यांना बोलून दाखवलं. "मामा, तुमाला परवाना हाय. तुमी बोललात की शहाणपण, आमी बोललो की गद्दारी."

मामा कापसाच्या ओळीत खुरपत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणून तर काढून ठेवतो, बाई. पदकाला भिऊन कुणी जवाब दिला, तर तो जवाब मला झाला. गावाला न्हाई झाला. उद्या मी नसलो तर?"

तेवढ्यात शाळेच्या भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं. मामा खुरपं खाली ठेवून ताठ उभे राहिले. पायात चप्पल नाही, धोतर चिखलानं भरलेलं, समोर बघायला एक म्हैस आणि मी. दाखवायला कुणीच नव्हतं. मला देशाबद्दल चार पानं लिहिता येतात. पण असं नुसतं उभं राहणं मला कधी जमलं नाही. मी उभी राहिले खरी, पण माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा मत्सरच चालू होता.

पारावरच्या पोरांनी त्यांना एकदा मोबाइलवरचा मेसेज दाखवला. खरे देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा, असा. मामांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. "धाडतो की," म्हणाले. "धाडलं की बॉर्डरवरच्या बर्फातल्या पोराला गरम मोजे भेटतील का, तेवढं सांग." पोरं हसली आणि मेसेज तिथंच थांबला. असल्या मेसेजांवर मी केवढा लांबलचक लेख लिहिला होता. तो एकानेही वाचला नव्हता.

गेल्या ऑगस्टात मात्र त्यांचाही परवाना चालला नाही. उपकेंद्राचा प्रश्न पुन्हा निघाला, तसा उपसरपंच भडकला. "मामा, तुमी सरकारची पेन्शन खाता आन् सरकारच्याच इरोधात बोलता. ही देशाशी बेइमानी हाय."

सगळ्यांचे डोळे मामांच्या खिशाकडे. मी मनात म्हणत होते, काढा आता, लावा छातीवर आणि जिरवा त्याची. मामांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. त्यांनी तपकिरीची डबी काढली.

"माझा बाप सालगडी होता," ते म्हणाले. "पाडव्याला सालानं ठरायचा. मालक रोज इचारायचा, नांगरट कामून ऱ्हायली, पाणी कामून न्हाई दिलं. बाप जवाब द्यायचा. इचारलं म्हणून मालक रानाशी बेइमान झाला का? सरकार म्हंजे आपुन ठरवलेला सालगडी. सालगडी बदलतो बाबा, रान बदलत न्हाई. माझी सलामी रानाला हाय. आता सांग, दवाखाना कामून बंद हाय?"

उपसरपंचानं सभा संपल्याचं जाहीर केलं. मी सतरंजीवर बसून राहिले. इतक्या वर्षांच्या पत्रकांत मला असं एक वाक्य सापडलं नव्हतं.

दिवाळीनंतर मामा गेले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, सतरंज्या पडल्या, आणि मामांची लिंबाच्या बुंध्याजवळची जागा कुणीच घेतली नाही. मी उठले.

"तू बस खाली," उपसरपंच म्हणाला. "देशासाठी काय केलंस तू? मामा निदान बॉर्डरवर तरी होते." ऑगस्टात ज्यांना बेइमान म्हणाला होता, त्यांचंच नाव आता तो माझ्यावर उगारत होता.

जोरदार उत्तरं मला तोंडपाठ होती. पण मला मामांचा पदकांशिवायचा कोट दिसला. हा प्रश्न विचारताना त्यांची छातीही माझ्यासारखीच रिकामी असायची.

"काहीच न्हाई केलं," मी म्हणाले. "दवाखाना कामून बंद हाय?"

टाळ्या पडल्या नाहीत. बायकांच्या बाजूनं आवाज आला. बाळ कडेवर घेऊन वहिनी उभी होती. "सांगा की. कामून बंद हाय?"

मग आणखी दोघी उठल्या.

कुलूप अजून आहे, आणि मामांबद्दलचा माझा हेवाही. त्यांच्याकडे काढून ठेवण्यासारखं काहीतरी होतं.