शेवटच्या नळाची हळद

पाण्याशी इतक्या संशयाने वागणारा माणूस उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ. आंजीजवळच्या आमच्या गावात पिण्याच्या पाण्याच्या टाकीत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायचं काम त्याचं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी काचेची नळी आणि तपासणीच्या औषधाची बाटली. लग्नाच्या पंगतीतही आधी ग्लासातलं पाणी नळीत घेणार, दोन थेंब टाकणार, आणि ते पिवळं झालं, म्हणजे पावडर पोचलेली दिसली, की नवरदेवाहून जास्त खूश: "हळद लागली! प्या आता बिनधास्त." रंग नाही आला तर खुद्द व्याह्यांचा ग्लास ओतून मोकळा. टाकीखालच्या नळावर त्याचा भरवसा नव्हता. "टाकीजवळ तं कोनीबी पास होते, शेवटच्या नळाले विचारा," म्हणत रोज सकाळी सायकल गावाच्या टोकाला.

एकदा तो आठ दिवस लेकीकडे गेला, तेव्हा काम माझ्यावर सोपवलं. मी शाळामास्तर, विश्वासाचा माणूस! चहाला पावडरीचा वास येतो म्हणून मी शेवटचे तीन दिवस पावडर टाकलीच नाही. वहीत मात्र वळणदार अक्षरात लिहीत गेलो: 'पिवळा'.

तो परतला तो पिशवी खांद्यावर घेऊनच शेवटच्या नळाशी. नळीला रंगच येईना. त्या घरात महिन्याचं बाळ होतं. थोड्याच वेळात पंचायतीच्या भोंग्यावर त्याचा आवाज आला, "पानी उकळून प्या. चूक माही आहे."

बाया तुटून पडल्या. "आमचे गिलास ओतत होता, आता काऊन झोपला बाप्पा?" तो मुकाट्याने बादलीत पावडर कालवत राहिला. मीही मुकाट, गर्दीत. संध्याकाळी त्याच नळावर नळी पिवळीधमक झाली, त्याने ती उंच धरली, आणि त्याच बायांनी टाळ्या वाजवल्या. गावात कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. बाळंतिणीच्या सासूने त्याच्या हातात पहिला ग्लास दिला. तोही त्याने तपासूनच प्यायला.

आता तो कायमचा लेकीकडे बोरगाव मेघेला राहतो, नळी माझ्याकडे आहे. परवा फोनवर एकदाचं सांगून टाकलं, ते तीन दिवस माझे होते.

"मले माहीत आहे. वहीत तुमचं अक्षर होतं ना, मास्तर."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "ते राहू द्या. आज शेवटचा नळ पाह्यला का?"

पाहिला होता. रोज पाहतो. चहाला वास आला नाही, तर घोट खाली उतरत नाही आता.